आकडे बरोबर, वाक्य चूक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी मार्च महिन्यात माझ्या भाचीनं बासष्ट उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. ती आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. म्हणाली, "मामू, गणितं मी तपासली आहेत. वाक्यं तुम्ही तपासा."

मी म्हटलं, "अगं, मी बी. ए. झालेला माणूस. दहावीनंतर गणित सुटलं त्या दिवशी मी मित्रांना चहा पाजला होता."

"म्हणूनच तुमच्याकडे आले," ती म्हणाली. "ही पत्रं संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसाला लिहिली आहेत. ती त्याला कळतील की नाही, हे मी कसं सांगणार? मला ते आधीपासूनच माहीत असतं."

प्रश्न असा होता. मी तो सावकाश सांगतो, कारण मलाही तो दोनदा वाचावा लागला. एका गावात चाळिशीच्या पुढच्या एक हजार बायका आहेत. त्यांपैकी दहा जणींना एक आजार आहे. त्या आजाराची एक चाचणी आहे. आजारी बायकांपैकी नव्वद टक्के जणींचा आजार ती पकडते. पण निरोगी बायकांपैकी नऊ टक्के जणींनाही ती चुकून आजारी ठरवते. एका बाईची चाचणी पॉझिटिव्ह आली. तिला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? हे झालं सहा गुणांचं गणित. त्याच्याखाली चार गुणांसाठी लिहिलं होतं : 'ही बाई तुमची मावशी आहे असं समजून तिला अर्ध्या पानाचं पत्र लिहा. सूत्र वापरू नका.'

गणिताचं उत्तर असं. दहा आजारी बायकांपैकी नऊ जणी चाचणीत सापडतात. उरलेल्या नऊशे नव्वद निरोगी बायकांपैकी नऊ टक्के, म्हणजे सुमारे एकोणनव्वद जणींनाही तोच पॉझिटिव्हचा कागद हातात मिळतो. एकूण अठ्ठ्याण्णव कागद. त्यांपैकी खरे आजारी नऊ. म्हणजे शंभरातल्या नऊ जणी. चाचणी चांगली असूनही असं होतं, कारण निरोगी बायकांची संख्याच मुळात फार मोठी असते. मोठ्या संख्येतली छोटी चूक लहान संख्येतल्या मोठ्या यशाला झाकून टाकते.

आता त्या वर्गातल्या सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाची उत्तरपत्रिका. गणित बिनचूक, उत्तराला चौकट, दशांश चिन्हानंतर दोन स्थळं. सहापैकी सहा. आणि खाली पत्र : 'प्रिय मावशी, तुझी चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. ही चाचणी नव्वद टक्के अचूक आहे. त्यामुळे तुला आजार असण्याची शक्यता नव्वद टक्के आहे. धीर सोडू नकोस.'

मी भाचीला फोन लावला. म्हटलं, "यानं वर नऊ टक्के काढलेत आणि खाली नव्वद लिहिलेत. हात घसरला असेल का?"

ती म्हणाली, "हात नाही घसरला, मामू. त्याला वरचं उत्तर आणि खालची मावशी यांचा संबंधच दिसलेला नाही. बासष्टपैकी एकवीस जणांनी हेच केलंय."

हे ऐकून मी गप्प झालो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी, रमजानच्या महिन्यात, माझ्या बायकोच्या एका तपासणीचा असाच कागद घरी आला होता. कागद देणाऱ्या माणसानं सांगितलं, "चाचणी अगदी भरवशाची आहे." पुढची तपासणी आठ दिवसांनी होती. ते आठ दिवस आमच्या घरात इफ्तारला कुणी नीट घास घेतला नाही. दुसऱ्या तपासणीत काहीच निघालं नाही. त्या माणसाचा आकडा चुकला नव्हता. त्याला वाक्य येत नव्हतं, आणि विचारायला हवं तो प्रश्न मलाही येत नव्हता. त्या वेळी मला कुणी शंभरातल्या नऊ जणींचा हिशेब सांगितला असता तर काळजी गेली नसती, पण तिला तिचं माप मिळालं असतं.

म्हणून मी ते बासष्ट पेपर वाचायला घेतले.

वाचता वाचता मला एक गोष्ट दिसायला लागली. ती संख्याशास्त्राची आहे की मराठीची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 'आजारी बायकांपैकी नव्वद टक्के जणींची चाचणी पॉझिटिव्ह येते' आणि 'पॉझिटिव्ह आलेल्या बायकांपैकी नव्वद टक्के जणी आजारी असतात', ही दोन वाक्यं कानाला सारखीच वाटतात. शब्दही जवळजवळ तेच आहेत. पण 'पैकी' हा छोटा शब्द कुणाला चिकटला आहे, ते पाहा. पहिल्या वाक्यात तो आजारी बायकांना चिकटला आहे, दुसऱ्यात पॉझिटिव्ह आलेल्यांना. पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं साफ खोटं. आणि त्या हुशार मुलाच्या पत्रात 'पैकी' नव्हताच. 'चाचणी नव्वद टक्के अचूक आहे' हे वाक्य असं आहे की त्यातले नव्वद टक्के कशाचे, हे कुणी विचारूच नये.

मी हे भाचीला सांगितलं तेव्हा ती हसली आणि तिनं दुसऱ्याच दिवशी वर्गात नियम केला : टक्क्याचं जे वाक्य लिहाल त्यात 'पैकी' असलाच पाहिजे, आणि तो कुणाचा आहे ते अधोरेखित करा. नियम बाळबोध आहे. पण सूत्र डोळे मिटून चालवता येतं, आकडे आत टाकले की बाहेर उत्तर पडतं. वाक्याला कर्ता लागतो. कोण, कुणापैकी, कुठले, केव्हाचे, हे ठरवल्याशिवाय मराठी वाक्य उभंच राहत नाही.

तुम्हाला कोविडचे दिवस आठवत असतील. २०२० आणि २०२१ मध्ये रोज सकाळी पेपरात 'पॉझिटिव्हिटी रेट' छापून यायचा. समजा तो वीस टक्के होता. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ असा लावला जायचा की शहरातला दर पाचवा माणूस आजारी आहे. पण तो दर तपासणी झालेल्यांपैकी होता, आणि तपासणीला जायचे ते बहुतेक ताप-खोकला असलेले किंवा बाधिताच्या घरातले लोक. माझ्या भाचीनं त्या वेळची कात्रणं जपून ठेवली आहेत. आता ती विद्यार्थ्यांना एकेक कात्रण देते आणि म्हणते, "ही बातमी आपल्या आजीला सांगा, पाच ओळींत." पुष्कळांना पाचवी ओळ लिहिताना कळतं की पहिली ओळ चुकली होती.

लिहिण्यातून संख्याशास्त्र शिकवायची ही कल्पना काही तिची एकटीची नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फ्रेडरिक मोस्टेलर नावाचे नामांकित संख्याशास्त्रज्ञ होते. १९८९ साली त्यांनी एक छोटा लेख लिहिला. तास संपताना विद्यार्थ्यांना दोन-तीन मिनिटं द्यायची आणि आजच्या व्याख्यानातला सगळ्यात गढूळ मुद्दा कुठला वाटला, ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, अशी ती युक्ती. गढूळ हा त्यांच्याच इंग्रजी शब्दाचा मराठी अवतार. आमच्याकडे पहिल्या पावसात नदीचं पाणी होतं तसं. एवढ्या मोठ्या माणसानं आपलं कुठे चुकतंय हे विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्यांतून शोधावं, याचं मला कौतुक वाटलं. पुढे २००५ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं महाविद्यालयीन शिक्षणासाठी एक मार्गदर्शक अहवाल स्वीकारला, २०१६ मध्ये तो सुधारला. सूत्रं घोकून घेण्यापेक्षा कल्पना समजावून द्या, खरी माहिती हाताळायला द्या, आणि परीक्षा अशी घ्या की तिच्यातूनही विद्यार्थी शिकेल, असा त्याचा रोख आहे.

चिठ्ठ्या माझ्या भाचीच्या वर्गातही निघतात. त्यांना गुण नसतात, नाव लिहायचीही सक्ती नसते. मी त्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. 'प्रमाण विचलन काढता येतं, पण ते कशासाठी काढायचं?' 'नमुना म्हणजे सॅम्पल हे कळलं, पण चारशे लोकांना विचारून कोट्यवधी लोकांचं कसं सांगतात?' असे प्रश्न हात वर करून कुणी विचारत नाही. चिठ्ठीवर विचारतात.

आता थोडं पावसाकडे येतो. दरवर्षी एप्रिलमध्ये भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतो. समजा त्यात म्हटलं, 'पाऊस सरासरीच्या ९६ टक्के. त्यात पाच टक्के कमी-अधिक.' ही सरासरी संपूर्ण देशाची, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली. ती ८७ सेंटिमीटर आहे. ९६ ते १०४ टक्क्यांच्या मधल्या पावसाला हवामान विभाग 'सामान्य' म्हणतो. म्हणजे वरच्या अंदाजाचा अर्थ, देशात सरासरी सुमारे ७९ ते ८८ सेंटिमीटर पाऊस पडेल असं वाटतं. एवढंच. भाचीनं मुलांना सांगितलं की हा अंदाज आपल्या गावातल्या शेतकऱ्याला दोन-तीन वाक्यांत कळवा.

बहुतेकांनी लिहिलं, 'यंदा आपल्याकडे चार टक्के पाऊस कमी पडेल.' हे 'आपल्याकडे' कुठून आलं? आमच्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जिथे एका जिल्ह्याचं हे असं, तिथे देशाच्या सरासरीतून म्हसवडच्या शेतकऱ्यानं काय घ्यायचं? एका मुलानं मात्र लिहिलं होतं : 'दादा, हा अंदाज पूर्ण देशाचा आहे. आपल्या तालुक्याचं यात काही नाही. शिवाय पाऊस कुठल्या महिन्यात पडेल तेही यात नाही. पेरणीचा निर्नय यावर करू नका.'

'निर्णय'मधला ण त्यानं न लिहिला होता. मी तांबडी खूण केली. भाचीनं ती खूण माझ्यासमोर खोडरबरानं पुसायचा प्रयत्न केला आणि पेनाची खूण पुसली जात नाही म्हणून माझ्यावर चिडली. म्हणाली, "बासष्ट पेपरांत पावसाचा खरा अर्थ यानं सांगितलाय. तुम्ही त्याच्या 'न'मध्ये अडकलात."

मी म्हटलं, "शुद्धलेखनाला काही किंमत आहे की नाही?"

ती म्हणाली, "आहे. पण ती माझ्या विषयाच्या गुणांतून वसूल करायची नाही."

या मुद्द्यावर आमचं बरंच वाजलं, आणि शेवटी मी हरलो. आज मला वाटतं तेच बरोबर झालं. पत्राच्या चार गुणांची तिची वाटणी अशी आहे. हे कुणापैकी, कुणाबद्दल आहे ते स्पष्ट सांगितलं, एक गुण. आकडा एककासकट बरोबर उतरवला, एक गुण. हा आकडा किती मागे-पुढे होऊ शकतो ते सांगितलं किंवा तो निव्वळ शक्यता आहे हे कळू दिलं, एक गुण. आणि या आकड्यावरून काय सांगता येत नाही ते सांगितलं, चौथा गुण. हा चौथा गुण फार थोड्यांना मिळतो. 'सांगता येत नाही' असं लिहायला आपल्या मुलांना भीती वाटते. शाळेत बारा-तेरा वर्षं त्यांना कोरी जागा भरायला शिकवलेलं असतं. भाषा सुंदर असली तर गुण नाही, ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर कपात नाही. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, तुमची मर्जी. या मर्जीचा परिणाम मी पाहिला. तोंडी परीक्षेत इंग्रजीमुळे मान खाली घालून बसणारी मुलं मराठीतल्या पत्रात मोकळी होतात.

अशीच एक मुलगी त्या मावशीच्या प्रश्नात होती. गणितात तिनं चूक केली. नऊ टक्क्यांऐवजी दहा टक्के धरले, त्यामुळे एकोणनव्वदच्या जागी नव्व्याण्णव आले. सहापैकी चार गुण. पण पत्रात तिनं हजार बायकांना गावाच्या मैदानात उभं केलं. 'मावशी, यातल्या एकशे आठ जणींना तुझ्यासारखाच कागद मिळाला आहे. त्यांपैकी नऊ जणी खरंच आजारी आहेत. तू त्या नऊंतली आहेस की नव्व्याण्णवांतली, हे या कागदावरून कळत नाही. म्हणून दुसरी तपासणी करायची. ती चुकवू नकोस.' चारपैकी चार. आकडा चुकलेला होता. पण त्या चुकीचे गुण वर कापलेले होते, एकाच चुकीची शिक्षा दोनदा नको असं भाचीचं म्हणणं. मुलीला दहापैकी आठ, आणि चौकटीत उत्तर लिहिणाऱ्या हुशार मुलाला सहा.

तो मुलगा माझ्या घरी आला. मी पेपर वाचले आहेत हे त्याला कुठून तरी कळलं होतं. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "सर, हा मराठीचा पेपर नव्हता."

त्याच्या बोलण्यात दम होता. मी त्याला त्याचं पत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं, मग वरचं गणित वाचायला सांगितलं. नव्वद आणि नऊ हे दोन्ही आकडे त्याच्या तोंडून पाठोपाठ निघाले तेव्हा तो थांबला. मग म्हणाला, "पण आम्हाला अशी पत्रं आधी कधी लिहायला लावली नव्हती. एकदम परीक्षेतच विचारलं."

हे मात्र त्याचं खरं होतं, आणि मी ते भाचीला सांगितलं. जे शिकवलं नाही ते तपासायचं कसं? गवयाला आयुष्यभर फक्त तबल्याचे बोल पाठ करायला लावायचे आणि परीक्षेत एकदम गा म्हणायचं, तसं ते झालं. त्या वर्षी तिनं त्याचे गुण बदलले नाहीत. पण पुढच्या वर्षीपासून तिनं क्रम उलटा केला. आधी पंधरा दिवसांतून एक अर्धं पान, बिनगुणांचं. ते पान शेजारच्या मुलानं वाचायचं आणि जिथे कळलं नाही तिथे नुसती फुली मारायची. मग दुसरा खर्डा. परीक्षा सगळ्यात शेवटी. यात तिचा स्वार्थही आहे. साठ पानं, दर पानाला पाच मिनिटं म्हटलं तरी पाच तास होतात, आणि ते तास कुठल्याही वेळापत्रकात धरलेले नसतात. हे असं शिकवणं चांगलं आहे, असं भाषणात म्हणणाऱ्यांनी हे पाच तास कुठून आणायचे तेही सांगावं.

'लक्षणीय' हा शब्द तिनं पहिल्या सत्रापुरता वर्गातून हद्दपार केला आहे. संख्याशास्त्रात एखादा फरक लक्षणीय आहे याचा अर्थ, खरा फरक नसता तर निव्वळ योगायोगानं एवढा फरक क्वचितच दिसला असता, इतकाच. तो फरक मोठा आहे किंवा महत्त्वाचा आहे, असं त्यात कुठेही येत नाही. हजारो मुलांच्या दोन गटांत अर्ध्या गुणाचा फरकही लक्षणीय ठरू शकतो. पण मराठीत 'लक्षणीय' म्हटलं की आपण सरसावून बसतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये यावर वेगळं निवेदन काढून शास्त्रज्ञांनाच समजवावं लागलं. तेव्हा आपल्या मुलांना दोष किती देणार?

शब्दांचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडीचं थोडं सांगतो. 'सरासरी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, असा त्याचा मूळ भाव. गंमत अशी की सरासरी काढली की पहिल्यांदा झाकली जातात ती ही दोन टोकंच. आणि 'संख्या' हा शब्द संस्कृतातल्या ज्या 'ख्या' धातूपासून आला त्याच धातूपासून 'व्याख्या' आणि 'आख्यान' हे शब्द आले. त्या धातूचा अर्थ सांगणं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३३ मध्ये तिचं नियतकालिक सुरू केलं, त्याचं नाव 'संख्या'च ठेवलं. त्यांचा जन्मदिवस २९ जून हा २००७ पासून आपल्याकडे सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयांत फलक लागतात, रांगोळ्या निघतात. एखादं अर्धं पानही लिहून घ्यावं.

आमच्या जिल्ह्यानं या विषयाला दोन मोठी माणसं दिली. पां. वा. सुखात्मे १९११ साली बुध या गावी जन्मले, वि. म. दांडेकर १९२० साली साताऱ्यात. दांडेकरांनी नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला सरासरी २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्या घरात होतो ती त्यांची रेषा. १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात तो खर्च माणशी महिना सुमारे पंधरा रुपये होता. त्या रेषेच्या खाली खेड्यांतले सुमारे चाळीस टक्के लोक आणि शहरांतले सुमारे निम्मे लोक आहेत, असं त्यांनी दाखवलं. सुखात्म्यांनी याच प्रकारच्या मोजणीवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, माणसाची अन्नाची गरज ठरीव नसते. ती माणसामाणसांत वेगळी असते आणि एकाच माणसाचीही आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरी असते. पोटभर जेवणाऱ्या माणसांतही पुष्कळ जण सरासरीच्या खाली असणारच. मग सरासरीच्या खालचा तो उपाशी, असं कसं म्हणायचं? यावर उलट उत्तर असं, की रेषा खाली सरकवली तर खरे उपाशी लोक कागदावर पोट भरलेले दिसतील. हा वाद वर्षानुवर्षं चालला.

भाची हा वाद शेवटच्या वर्षाच्या मुलांना देते. एक अर्धं पान दांडेकरांच्या बाजूनं, एक सुखात्म्यांच्या बाजूनं, आणि मग एक वाक्य स्वतःचं : 'उपाशी' हा शब्द मी कुणासाठी वापरीन. त्या वाक्याला गुण नाहीत. ते वाक्य लिहायला मुलं सगळ्यात जास्त वेळ घेतात. एका मुलीनं, जिचे आईवडील ऊसतोडीला जातात, ती जागा कोरी सोडली होती आणि खाली लिहिलं होतं, 'बाई, हे वाक्य मी वर्गात लिहू शकत नाही.' भाचीनं त्याच्याखाली फक्त सही केली.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन अडचण आली. घरी लिहायला दिलेली पत्रं एकदम गुळगुळीत यायला लागली. मावशीला 'आपण कुशल असाल अशी आशा आहे' असं कोण लिहितं? संगणकाला सांगितलं की तो पानभर लिहून देतो आणि पुष्कळदा बरोबरही लिहितो. भाची त्यावर रागावली नाही. तिनं पत्रं वर्गात, हातानं लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि आकडेही मुलांनीच गोळा करायचे असं ठरवलं. मुलं वही घेऊन एसटी स्टँडवर गेली आणि कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली ते टिपत बसली.

तो हिशेब सोपा करून सांगतो. समजा दहा गाड्या आहेत. नऊ गाड्या पाच-पाच मिनिटं उशिरा आल्या आणि एक गाडी खंबाटकी घाटात बंद पडल्यामुळे एकशे पंचावन्न मिनिटं. सगळी मिनिटं मिळवली तर दोनशे, भागिले दहा, सरासरी उशीर वीस मिनिटं. पण वीस मिनिटं उशिरा आलेली गाडी त्या दिवशी एकही नव्हती. गाड्या ओळीनं लावून मधली पाहिली, म्हणजे मध्यक काढला, तर उशीर पाच मिनिटं. मुलांना सांगितलं, यावरून स्टँडवर लावायला प्रवाशांसाठी सूचना लिहा. एकानं वीस मिनिटं लिहिली. एकानं पाच. एकानं लिहिलं, 'बहुतेक गाड्या पाच मिनिटांत येतात. दहांपैकी एखादी फार उशिरा येऊ शकते. परीक्षा किंवा दवाखाना असेल तर आधीच्या गाडीनं निघा.' मी तो फलक होतो तसा स्टँडवर लावायला तयार आहे.

परवा तिच्या वर्गातल्या चिठ्ठ्या पुन्हा माझ्या टेबलावर आल्या. एकीवर लिहिलं होतं, 'सरासरी कळली. मध्यकही कळला. पण एसटीच्या फलकावर यातलं कुठलं लिहायचं, हे कोण ठरवतं?'

"मामू, याला काय उत्तर देऊ?" भाचीनं विचारलं.

मी म्हटलं, "त्यालाच विचार. अर्धं पान."